एकवचनाची व्याप्ती



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आपल्या अध्यापनाची बहुतेक वर्षे या कृष्णराजनगरातील कानडी आणि मराठी मुलांना इंग्रजी शिकविण्यात घालविली, आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या मंडळींशी गाठ पडली म्हणजे ती हमखास एक गोष्ट सांगतात, ती ही की निबंधाच्या वहीत गुरुजींची तांबडी शाई सर्वांत अधिक जर कशावर खर्ची पडली असेल तर ती नामाच्या आधी यावयास हव्या असलेल्या, आणि बहुधा न आलेल्या, एका लहानशा शब्दावर. चालकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली तेव्हा त्यांची अपेक्षा एखाद्या भारदस्त विषयाची असावी. तथापि इंग्रजी भाषेत नामाचे एकवचन एका व्यक्तीला सोडून सबंध जातीला किंवा केवळ एखाद्या भावाला उद्देशून कसे योजले जाते, आणि तसे योजताना आपण मराठी माणसे, त्यातही पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखात राहिलेली मराठी माणसे, कोठे अडखळतो, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न मी आज हाती घेतला आहे. तो क्षुल्लक आहे की नाही याचा निवाडा तुम्हीच तासाभराने करावा हे बरे.

गाईवरचा निबंध ज्याने लिहिला नाही असा इंग्रजी शिकलेला माणूस आपल्या देशात विरळाच. त्या निबंधाचे पहिले वाक्य, गाय हा पाळीव प्राणी आहे, हे इंग्रजीत सांगावयाचे तर गाईला तीन वेष उपलब्ध आहेत: 'द काउ' म्हणता येते, 'अ काउ' म्हणता येते, किंवा एकवचनाचा नाद सोडून 'काउज' म्हणता येते. आपला मुलगा लिहितो ते मात्र चौथेच, म्हणजे नुसते 'काउ', आणि नेमके तेवढेच इंग्रजीला चालत नाही. कारण मोजता येण्याजोग्या वस्तूचे नाम त्या भाषेत उघडेबोडके ठेवले म्हणजे त्या वस्तूचा आकार, तिची हद्द आणि तिचे एकत्व ही सर्व विरघळून जातात आणि मागे उरतो तो केवळ पदार्थ. कोकराविषयी वाटणारे वात्सल्य व्यक्त करावे म्हणून एखाद्या निष्पाप मुलाने 'आय लाइक लॅम' असे लिहिले, तर इंग्रज गृहस्थ त्याच्या वात्सल्याचे कौतुक करण्याऐवजी त्याला रविवारच्या जेवणाचे आमंत्रण देईल. 'द' किंवा 'अ' हे उपपद गेले की कोकरू जाते आणि मटण राहते. पाणी, तांदूळ, सोने, लोकर ही जशी उपपदावाचून येतात तसेच ते कोकरूही येते, आणि सत्य, प्रेम, जीवित ही भाववाचक नामेही त्याच पंक्तीला बसतात, कारण भावाला जशी हद्द नाही तशी पाण्यालाही नाही.

उरलेल्या वेषांपैकी पहिल्या दोहोंत जो सूक्ष्म भेद आहे तो पुष्कळ व्याकरणांत दोन ओळींत उरकला जातो, म्हणून त्यापाशी थोडे थांबतो. 'अ काउ' म्हणणारा मनुष्य कळपातील कोणतीही एक गाय मनाने बाजूला काढतो आणि म्हणतो की हिला तपासा, मी म्हणतो ते लक्षण हिच्यात सापडेल, आणि हिच्याऐवजी दुसरी घेतली तरी सापडेल. 'द काउ' म्हणणारा कळपाकडे पाहतच नाही. तो गोजातीलाच एक व्यक्ती कल्पून तिच्याविषयी बोलतो. हा भेद गाईच्या बाबतीत फारसा जाणवत नाही, कारण दोन्ही मार्गांनी आपण एकाच ठिकाणी पोचतो. पण मॉरिशस बेटावरचा डोडो पक्षी सतराव्या शतकात नामशेष झाला असे म्हणावयाचे झाले म्हणजे तो उघडा पडतो. येथे 'द' च पाहिजे. एखादा डोडो मरू शकतो, मारला जाऊ शकतो, खलाशांच्या पोटात जाऊ शकतो. नामशेष मात्र तो एकटा होऊ शकत नाही, कारण नामशेष होणे हा जातीचा धर्म आहे, व्यक्तीचा नव्हे. बेलने १८७६ साली टेलिफोनचा शोध लावला, या वाक्यातही तेच. त्याने एक यंत्र जोडले हे खरे, पण शोध लावला तो त्या यंत्राच्या जातीचा.

इंग्रजीत एक नाम या कायद्याला अपवाद म्हणून शतकानुशतके मिरवत आले, ते म्हणजे 'मॅन'. मोजता येण्याजोगे असूनही ते उपपदावाचून येते आणि सबंध मानवजातीचा अर्थ देते; पोपने १७३३-३४ मध्ये मनुष्यावर जे प्रसिद्ध निबंधकाव्य लिहिले त्याच्या शीर्षकातला मनुष्य असा बिनउपपदाचाच आहे. या शब्दाच्या पोटात स्त्री सामावते की नाही, हा प्रश्न व्याकरणकारांनी निकालात काढला होता. राजकारणाने तो निकालात राहू दिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार होत असता पहिल्या कलमात 'ऑल मेन' असे शब्द येत होते, आणि हिंदुस्थानच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता यांनी त्याला हरकत घेऊन त्या जागी माणूसमात्राचा निर्देश करणारे शब्द घालावयास लावले. १० डिसेंबर १९४८ रोजी जो जाहीरनामा संमत झाला त्यात तेच शब्द आहेत. 'मेन' म्हटले की बायकाही आल्याच, असे उत्तर त्यांना कोणीही देऊ शकला असता. पण असे गृहीत धरलेले समावेश वेळ आली म्हणजे कसे नाकारले जातात याचा अनुभव आपल्या देशातील स्त्रीला पुरेसा होता.

आणखी एक प्रकार वकीलमंडळींच्या उपयोगाचा आहे. इंग्रजीत मनुष्य शाळेला, तुरुंगाला किंवा चर्चला उपपदावाचून जातो तेव्हा तो अनुक्रमे विद्यार्थी, कैदी आणि भाविक असतो; 'द' लावून गेला तर तो फीचे विचारावयास गेलेला बाप, पाहणीस गेलेला अधिकारी किंवा गळके कौल बसवावयास गेलेला गवंडी असू शकतो. इमारत जाते आणि संस्था राहते, ही किमया उपपद गाळण्याने साधते. एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाविषयी लिहिताना हा 'द' विसरणे किती महागात पडेल हे सांगावयास नको.

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीला उपपद नाही, म्हणून मराठी मुलाला सामान्य आणि विशेष यांतला भेद कळत नाही, असे विधान मी पुष्कळ इंग्रजी शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते मला सर्वस्वी अमान्य आहे. 'साखर गोड आहे' आणि 'साखर गोड असते' ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिले वाक्य चहात चमचा फिरवीत बोलले जाते. त्यातील साखर समोरच्या डब्यातली आहे. दुसरे वाक्य जगातल्या साखरेविषयी आहे, आणि ते बोलताना समोर डबा असण्याची गरज नाही. 'वाघ पिंजऱ्यात आहे' म्हटल्याबरोबर आपण दार लावले आहे ना ते पाहतो. 'वाघ मांसाहारी असतो' म्हटल्याने कोणी जागचा हालत नाही. इंग्रजी जे ओझे नामाच्या डोक्यावर देते ते मराठीने क्रियापदाच्या खांद्यावर दिले आहे, एवढाच काय तो फरक. आणि या गावात सांगावयास आनंद वाटतो की कानडीची व्यवस्थाही अगदी अशीच आहे: 'इदे' आणि 'इरुत्तदे' यांत जो भेद कानडी बाई स्वयंपाकघरात सहजगत्या पाळते तोच 'आहे' आणि 'असते' यांत तिची मराठी शेजारीण पाळते, आणि दोघींच्याही मुलांना शाळेत सांगितले जाते की हा भेद तुमच्या भाषेत नाही.

दुसरीही एक सोय मराठीने करून ठेवली आहे. गाय हा पाळीव प्राणी आहे. मनुष्य हा समाजशील प्राणी आहे. कादंबरी हा वाङ्मयप्रकार आहे. या वाक्यांतला 'हा' कोण? दर्शक सर्वनाम म्हणावे तर तो कशाकडे बोट दाखवीत नाही. आणि लिंगाच्या बाबतीत तर तो गाईला व कादंबरीला साफ सोडून पुढल्या प्राण्याशी आणि प्रकाराशी जुळवून घेतो. आता लक्षण सांगितले जात आहे, गोठ्यातल्या कपिलेची हकिकत नव्हे, एवढी वर्दी देणे हे त्याचे काम. विशेषनामापुढेही तो असाच उभा राहतो, हे मी विसरलो नाही. पण सामान्यनामापुढे आला म्हणजे तो जातीचा चोपदार होतो. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ साली त्या शास्त्राचा मोठा ग्रंथ रचला, तेव्हापासून उपपद नसल्याची खंत पुष्कळांनी केली. या 'हा' ची कदर आमच्या शालेय व्याकरणांनी व्हावी तशी केली नाही. निदान इंग्रजीच्या वर्गात तरी ती व्हावी. मराठी वाक्यात 'असतो' असेल किंवा हा 'हा' असेल तर इंग्रजी नाम नागडे सोडू नये, एवढी एकच खूण मुलाला दिली तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतील निम्मी धास्ती कमी होईल असा माझा समज आहे.

शिवाय एकवचनाने जातीचा अर्थ सांगणे हे आपल्याला इंग्रजांनी शिकविलेले नाही. ज्या तालुक्याला लोक भाताचे कोठार म्हणतात तेथे हे सिद्ध करावयास पुरावा लांबून आणण्याची गरज नाही. यंदा भात चांगला पिकला, असे आपण म्हणतो, आणि त्यात कोट्यवधी दाणे एका वचनात येऊन बसतात. हरभऱ्याची तऱ्हा तर पाहण्यासारखी आहे: शेतात उभा असतो तो हरभरा, आडतीवर ज्याचा भाव उतरतो तो हरभरा, पण तोच रात्री भिजत घातला म्हणजे वाटीत हरभरे होतात. व्यापाऱ्याला जिन्नस दिसतो, गृहिणीला दाणे दिसतात. गहू दळायला दिला तरी एकवचनीच राहतो. तांदूळ मात्र निवडताना बहुवचनी होतात, आणि पोह्यांना तर एकवचन ठाऊकच नाही. यात तर्क शोधू पाहणाऱ्याने इंग्रजीतही जरूर शोधावा, कारण तेथे गहू सदैव एकवचनी आणि ओट सदैव बहुवचनी अशी वाटणी आहे, आणि तिचे कारण कोणा इंग्रज शेतकऱ्याला विचारले तर तो तुमच्याकडे जसा पाहील तसेच आपला शेतकरी पोह्यांविषयी विचारल्यास पाहील. केस आपल्याला अनेक, त्यांना एक. बातम्या आपल्याला मोजता येतात, त्यांची 'न्यूज' बहुवचनाचा पेहराव करून एकवचनात वागते. आपण एखाद्याला चार सल्ले देऊ शकतो, त्यांचा 'अॅडव्हाइस' कितीही दिला तरी एकच राहतो, आणि म्हणूनच आपल्याकडील अर्जांतून 'अॅडव्हाइसेस', 'इन्फर्मेशन्स' आणि 'फर्निचर्स' यांची पैदास अव्याहत चालते.

मराठीचे या बाबतीतले सर्वांत बारीक नक्षीकाम पैशावर झाले आहे. 'त्याच्याजवळ पैसे आहेत' म्हणजे हॉटेलचे बिल तो देऊ शकेल. 'त्याच्याजवळ पैसा आहे' म्हणजे ते हॉटेल तो विकत घेऊ शकेल. महिन्याच्या पहिल्या तारखेला नोकरदाराजवळ पैसे असतात, पैसा नसतो. आणि सावकाराजवळ पैसा असूनही मागावयास जावे तर नेमके त्या दिवशी पैसे नसतात. ज्या भाषेतील अडाणी माणूसही हा भेद कधी चुकत नाही त्या भाषेला सामान्य आणि विशेष यांचे ज्ञान परकीयांकडून घ्यावयास नको होते.

आपल्या देशातील शास्त्रकारांनी तर या प्रश्नावर जितका खल केला तितका क्वचितच कोणी केला असेल. जातीचा निर्देश करावयाचा असता एकवचनाच्या जागी विकल्पाने बहुवचन येऊ शकते, असे पाणिनीने एक स्वतंत्र सूत्रच रचले आहे, आणि काशिकावृत्तीत त्याची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत जव आणि भात यांच्या पिकाची आहेत. म्हणजे आपण आत्ताच भाताविषयी जे बोललो ते बोलावयास आपल्याआधी तेराशे वर्षे कोणी तरी बसलेले होते. शब्दाचा अर्थ काय, ती एक समोरची व्यक्ती की सर्व व्यक्तींत राहणारी आकृती, यावर व्याडी आणि वाजप्यायन या दोन आचार्यांत मतभेद होता. शब्द द्रव्य सांगतो असे व्याडी म्हणे, आकृती सांगतो असे वाजप्यायन म्हणे. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच गाय उदाहरणाला घेऊन या वादाला हात घातला, आणि पाणिनीला कोणता पक्ष मान्य होता असे विचारले असता दोन्ही, असे उत्तर दिले, कारण त्याने काही सूत्रे एका पक्षाला धरून रचली आहेत तर काही दुसऱ्याला. पुढे मीमांसकांनी आकृतीचा पक्ष घेतला. न्यायसूत्रांनी व्यक्ती, आकृती आणि जाती या तिन्हींना पदार्थात जागा देऊन तडजोड केली.

हा वाद केवळ पोथीतला आहे असे ज्याला वाटत असेल त्याने संक्रांतीच्या सुमारास आपल्या जवळच्या चुंचनकट्ट्याच्या जनावरांच्या जत्रेस जावे. विकणारा बैलाच्या पाठीवर थाप मारून सांगत असतो की हळ्ळीकार बैल चपळ असतो, काटक असतो, नांगराला जुंपा की गाडीला, मागे पाहत नाही. त्याच्या बोलण्यात समोरचा बैल हा निमित्तमात्र असून स्तुती चालते ती सगळ्या पैदाशीची. घेणारा यातले काही ऐकत नाही. तो बैलाच्या तोंडाशी उकिडवा बसतो, खालचा ओठ अंगठ्याने दाबून दात मोजतो, आदत आहे की दोन दाती, चार दाती आहे की जुळलेला, हे पाहतो, मग खुरांच्या फटीत बोट घालतो, वशिंडाखाली जू बसून घट्टे पडले आहेत का ते चाचपतो, चार पावले चालवून पाहतो, आणि मगच रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भावाची बोलणी सुरू करतो. विकणारा वाजप्यायनाच्या पक्षाचा आहे आणि घेणारा व्याडीच्या, आणि याच घेणाऱ्याला उद्या तो बैल विकावयाचा झाला म्हणजे तो बिनदिक्कत वाजप्यायनाचा पक्ष घेईल.

येथपर्यंत जे सांगितले ते निरुपद्रवी होते. जातिवाचक एकवचनात जी गोम आहे तिच्याकडे आता येतो, आणि माझे खरे म्हणणे येथेच आहे. 'सर्व' हा शब्द घालून केलेले विधान एका अपवादाने कोसळते. सर्व डास हिवताप पसरवितात असे कोणी म्हटले तर हिवताप न पसरविणारा एक डास दाखविला की काम भागले. पण 'डास हिवताप पसरवितो' हे विधान तसे कोसळत नाही. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादेस अॅनाफेलिस जातीच्या डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू शोधून काढले तेव्हापासून आपण ते विधान निःशंकपणे करीत आलो आहो. वस्तुतः नर डास चावतच नाही, माद्यांपैकी थोड्याच जातींच्या हा रोग नेतात, आणि त्यांतीलही ज्यांच्या अंगी जंतू शिरले असतील तेवढ्याच. म्हणजे डासांची शिरगणती केली तर विधान बहुसंख्य डासांच्या बाबतीत खोटे ठरावे. तरी ते खरे आहे. कासव दीर्घायुषी असते हेही खरे, आणि कोकणच्या किनाऱ्यावर वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे धावणाऱ्या कासवांच्या पिलांपैकी बहुतेक मोठी होण्यापूर्वीच मरतात हेही तितकेच खरे. जातिवाचक एकवचन गणिताच्या अधिकारक्षेत्राबाहेर राहते. त्याला एक, दहा किंवा दहा हजार अपवाद दाखविले तरी ते शांतपणे म्हणते की ते अपवाद आहेत.

डासांच्या बाबतीत यात कोणाचे नुकसान नाही. माणसांच्या बाबतीत आहे. मेकॉले १८३४ साली मद्रासेस उतरून बंगळूर, श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर या मार्गाने, म्हणजे आपल्या दारावरूनच, गव्हर्नर जनरलच्या भेटीस उटकमंडला गेला, काही वर्षे कलकत्त्यास राहिला, आणि विलायतेस परतल्यावर वॉरन हेस्टिंग्जवर त्याने १८४१ साली जो निबंध लिहिला त्यात बंगाली मनुष्याचे वर्णन एकवचनात केले: हा बंगाली शरीराने दुबळा, वृत्तीने बायकी, आणि कपटात निष्णात. निबंधाच्या त्या भागाचा विषय नंदकुमार नावाचा एकच बंगाली मनुष्य. पण एका मनुष्याच्या दोषांचे चित्र काढावयाचे सोडून त्याने 'द' या एका अक्षराच्या जोरावर एक सबंध प्रांत आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला. अनेकवचन वापरले असते तर कोणी तरी विचारले असते, किती बंगाल्यांची तुमची ओळख होती? एकवचनाला हा प्रश्न विचारता येत नाही, आणि पुढे दोन पिढ्या इंग्रज अंमलदार 'द नेटिव्ह' आणि 'द हिंदू' यांच्याविषयी अशाच निर्धास्तपणे लिहीत गेले.

हे सांगून इंग्रजांवर दोष ढकलून मोकळे होणे मला सोपे होते. पण म्हैसूर मुलखातील मराठी श्रोत्यांपुढे ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. कानडी लोक ज्याला 'आरे' म्हणत तो मराठा या भागात कित्येक पिढ्या एकवचनीच होता, आणि ते एकवचन घोड्यावर बसून, भाला हाती घेऊन, चौथाई मागत येत असे. १७७१ च्या मार्चात त्रिंबकराव पेठ्यांनी मोती तलावाजवळ हैदराचा मोड केला ती जागा येथून फार लांब नाही. आमच्या तेव्हाच्या पत्रांतून 'हैदर आला', 'हैदर हटला' असे वाचताना आपल्या कानाला काही खटकत नाही, कारण एका नावात सारी फौज सामावणे, किंवा 'गनीम' म्हणून हजारोंना एक करून टाकणे, हे आमच्याही कारकुनांच्या हाडीमांसी खिळलेले होते. वीस वर्षांनी, १७९१ साली, मराठ्यांचे सरदार पटवर्धन यांच्या सैन्यातील लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, माणसे मारली, शारदेच्या मूर्तीला हात घातला; टिपूने त्या वेळी स्वामींना पाठविलेली पत्रे म्हैसूरच्या पुराणवस्तुखात्याचे आर. नरसिंहाचार यांना १९१६ साली मठात सापडली. या प्रकरणावर आमच्या इतिहासकारांचे म्हणणे काय? ते पेंढारी होते, लमाण होते, सरदारांचा हुकूम नव्हता. या म्हणण्यात तथ्य असेल. मला तूर्त त्यातले व्याकरण दिसते. अटकेपार झेंडा लावतो तो 'मराठा', आणि शृंगेरी लुटतात ते 'पेंढारी'. श्रेय आले की एकवचन, दोष आला की अनेकवचन, आणि तेही दुसऱ्या नावाचे. कानडी माणसाने हीच वाटणी आमच्या बाबतीत उलट केली तर त्याला नावे ठेवावयाचा आम्हाला अधिकार नाही.

आणि वस्तुस्थिती काय होती? त्याच मुलखाच्या कचेऱ्यांतून एके काळी मोडी अक्षरांत मराठी जमाखर्च लिहिले जात होते. म्हैसूर संस्थानाचे दिवाण म्हणून १९०६ पासून व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यामागून टी. आनंदराव, असे तंजावरी महाराष्ट्रीय घराण्यांतील दोन पुरुष लागोपाठ होऊन गेले, आणि मग १९१२ मध्ये विश्वेश्वरय्या आले. फर्द लिहिणारा कारकून, कापड रंगविणारा रंगारी, अंगरखा शिवणारा शिंपी, दिवाणगिरी करणारा मुत्सद्दी, हे सगळे मराठीच बोलत. पण त्यांच्यामुळे घोड्यावरच्या त्या एकवचनी मराठ्याला काही झाले नाही, कारण हे सगळे अपवाद.

असे असूनही हे एकवचन हद्दपार करावे असे मी म्हणणार नाही, आणि त्याचे कारणही मेकॉलेनेच पुरविले आहे. ज्या हाताने पुढे बंगाल्याचे ते चित्र काढले त्याच हाताने १८३७ साली हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा मसुदा लिहून पुरा केला होता, जो १८६० साली कायदा झाला आणि १८६२ पासून २०२४ पर्यंत अमलात राहिला. त्या संहितेचा प्राण 'जो कोणी' या एकवचनात होता. जो कोणी चोरी करील. जो कोणी दुखापत करील. त्यात बंगाली नव्हता, मराठा नव्हता, ब्राह्मण नव्हता, साहेब नव्हता. मनुस्मृतीत अपराध्याचा वर्ण पाहून दंड बदलत असे. येथे 'जो कोणी' ला वर्ण नव्हता, निदान कागदावर नव्हता. पुढे संहितेच्या आठव्या कलमाने सांगितले की 'तो' म्हणजे पुरुष असो की स्त्री, आणि नवव्याने सांगितले की एकवचनात बहुवचन आणि बहुवचनात एकवचन येते. हेच तत्त्व १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या तेराव्या कलमाने इतर कायद्यांना लागू केले. व्याडी आणि वाजप्यायन यांच्या वादावर सरकारी मोहोर उठली ती अशी.

दोन्ही एकवचने एकाच लेखकाची, दोन्ही जातिवाचक, आणि तरी एक दुसऱ्याच्या अगदी विरुद्ध दिशेला तोंड करून उभे आहे. 'द बंगाली' मध्ये लक्षण आधी ठरते आणि माणूस मागून त्यात कोंबला जातो. 'जो कोणी' मध्ये लक्षण काहीच नसते, असते ती कृती, आणि जो ती करील तो आपल्या पायांनी चालत येऊन त्या रिकाम्या जागेत उभा राहतो. इंग्रजी शिकविणाऱ्यांनी 'द' कोठे घालावा हे जरूर शिकवावे. पण माणसांच्या समूहापुढे तो घालावयाची वेळ आली म्हणजे मुलाला वाक्याच्या शेवटाकडे पाहावयास लावावे, तेथे कृती आहे की स्वभाव आहे ते.

कायद्यालाही आपले हे सर्वसामान्य एकवचन कचेरीच्या दारापर्यंतच पुरते. 'जो कोणी' वर समन्स काढता येत नाही. तेथे शिरस्तेदाराला नाव, बापाचे नाव, वय, धंदा आणि राहणार मौजे अमुक, तालुका कृष्णराजनगर, एवढे सगळे लिहावे लागते. आणि त्यातला एखादा रकाना कोरा राहिला तर बेलिफ तो कागद न बजावता तसाच परत आणतो.